आधी उचल, मग प्रस्थान

परमुलखात जावयाचे तर आधी शिदोरी बांधावी, चार पैसे गाठीस लावावे, मागे राहणाऱ्यांची तरतूद करावी आणि मगच उंबरठा ओलांडावा, हा संसारी माणसाचा जुना दंडक आहे. व्यापारी भांडवल जमवून निघतो. नोकरीसाठी जाणारा निदान पहिल्या महिन्याची बेगमी करून निघतो. शिल्लक प्रथम आणि प्रवास नंतर, हा क्रम इतका स्वाभाविक वाटतो की तो उलटा असू शकेल अशी शंकाही कोणास येत नाही. परंतु महाराष्ट्राच्या वायव्य टोकास, सातपुडा आणि तापी यांच्या कुशीत वसलेल्या नंदुरबार जिल्ह्यात हा क्रम उलटा झालेला आढळतो. तेथील हजारो कुटुंबे दरसाल पावसाळा सरला म्हणजे ऊस तोडण्यासाठी दक्षिण गुजरातेत जातात. त्यांची मजुरी हिवाळ्यात कमावली जाते, परंतु ती खर्च होऊन गेलेली असते मागच्या पावसाळ्यातच. घेतलेले फेडण्यासाठी हा प्रवास करावयाचा असतो. हे असे का झाले? या लोकांच्या अंगी दूरदृष्टी नाही म्हणून, की त्यांच्या दूरदृष्टीस वाव राहिला नाही म्हणून? या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच शोधले पाहिजे.

प्रथम वाटेचा विचार करू. सुरतेहून नवापूर, नंदुरबार आणि पुढे बऱ्हाणपूर हा मार्ग फार जुना आहे. सतराव्या शतकात या मार्गाने गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या सुवासिक तांदळाची आणि नंदुरबारच्या खरबुजांची व द्राक्षांची प्रशंसा करून ठेवली आहे. त्याच शतकात नंदुरबारास इंग्रजांची वखार होती. एकोणिसावे शतक संपता संपता सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून लोहमार्ग निघाला आणि बैलगाडीची वाट आगगाडीची झाली. या वाटेने माणसेही दोन्ही दिशांनी चालत आली. शहादे, तळोदे व नंदुरबार भागातील सुपीक काळ्या जमिनीत स्थिरावलेल्या गुजर शेतकऱ्यांचा पूर्वेतिहास गुजरातेकडेच बोट दाखवितो. तात्पर्य, खानदेशातून गुजरातेत जाणे म्हणजे परराज्यात जाणे, ही कल्पनाच अगदी अलीकडील आहे. १९०६ साली पश्चिम खानदेश जिल्हा निराळा झाला, तेव्हा तो आणि सुरत जिल्हा हे दोन्ही एकाच मुंबई इलाख्यात होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली आणि रोजच्या पायवाटेवर सीमा येऊन पडली. नवापूरच्या रेल्वे स्थानकात ही सीमा फलाटावरूनच जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरची कचेरी गुजरातेत. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि तीत शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा असे हे लोक. उसाच्या वाटेने जाणारे बहुतेक त्यांच्यातलेच.

आता या लोकांत साठविण्याची रीत नव्हतीच काय? होती, आणि चांगली होती. मात्र ती नाण्यांत मोजली जात नव्हती. बांबूच्या विणलेल्या, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत ज्वारी, मका व भगर राखून ठेवावयाची. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले वेचून वाळवावयाची. कैऱ्या चिरून आमचूर करावयाचा. चारोळी आणि डिंक गोळा करावयाचा. शेळ्या-कोंबड्या ही अडीअडचणीची शिल्लक, आणि घरधनिणीच्या अंगावरील चांदी ही त्याहून मोठ्या संकटाची शिल्लक. घर शाकारावयाचे असो वा निंदणी अडलेली असो, शेजाऱ्यांनी येऊन श्रम द्यावे आणि घरमालकाने त्यांस जेवू घालावे, हीही एक ठेवच. आज दिलेले श्रम उद्या परत मिळत. या साऱ्या ठेवींच्या पाठीशी जंगल होते. पीक बुडाले तरी कंद, पाला, मासे आणि मोह यांवर वर्ष निभावून नेता येई.

ही व्यवस्था एकाएकी मोडली नाही. ती तीन बाजूंनी कुरतडली गेली. १८१८ साली खानदेश इंग्रजी अमलाखाली आला. पुढे सारा रोख भरावा लागू लागला. आणि ज्याच्याजवळ धान्य आहे परंतु रोकड नाही, त्यास सुगीच्या स्वस्ताईत धान्य विकून पावसाळ्याच्या महागाईत ते उसने आणावे लागले. दुसरी बाजू जंगलाची. १८७८ च्या वनकायद्याने राखीव रानांची हद्द पडली आणि जे काल हक्काचे होते ते आज परवानगीचे झाले. तिसरी बाजू सावकाराची. तो पेरणीस दाणे देई ते सवाईने किंवा दिढीने, म्हणजे मणास सवा मण अथवा दीड मण परत घेण्याच्या बोलीने. एक वर्ष नीट पिकले तर हे ओझे पेलत असे. लागोपाठ दोन वर्षे वाईट गेली की जमीन गहाण पडे. १८९९-१९०० चा दुष्काळ, जो संवत १९५६ मुळे छप्पन्या म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला, त्याने अशा किती घरांचा आधार काढून घेतला असेल! सपाटीवरील पुष्कळ भिल्ल कुटुंबे कालांतराने आपल्याच जुन्या शेतात सालदार म्हणून राबू लागली. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीस, म्हणजे अक्षय तृतीयेस, पुरे होते. त्या दिवशी हिशेब व्हावयाचा, आणि घेतलेली उचल फिटली नसेल तर त्याच मालकाकडे पुढचे साल धरावयाचे. उसाच्या उचलीचा साचा येथेच तयार झालेला होता.

या घसरणीकडे आदिवासी समाजाने निमूटपणे पाहिले असे मात्र नाही. १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडा, स्वच्छ राहा, परस्परांस ‘आप’ म्हणून मानाने संबोधा, असा उपदेश केला आणि सहस्रावधी माणसे त्यांच्या आरतीस जमू लागली. या धर्मजागृतीत एक रोकडा अर्थविचार होता. दारूच्या गुत्त्यावर जाणारा पैसा घरात राहिला तर सावकाराच्या ओट्यावर जावे लागणार नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नव्हती. पुढे १९७१-७२ साली शहादे भागात अंबरसिंग महाराजांनी गेलेल्या जमिनींचा आणि सालदारांच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला. भूमुक्तीची हाक निघाली, श्रमिक संघटना उभी राहिली. १९७४ साली अंबरसिंगांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याचा कायदाही राज्याने केला. काही जमिनी परत मिळाल्या. परंतु तोपर्यंत सपाटीवर भूमिहीनांची संख्या वाढलेली होती, डोंगरातील शेते भावाभावांत वाटली जाऊन लहान झाली होती, आणि तापीच्या खालच्या अंगास एक निराळीच मागणी निर्माण झाली होती.

ती मागणी पाण्याने निर्माण केली. नंदुरबार जिल्ह्यातून वाहत जाणारी तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते. तिच्यावर काकरापारचा बंधारा १९५०-६० च्या दशकात झाला आणि उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले. सुरत जिल्ह्यातील कापूस आणि ज्वारीच्या रानांत कालवे खेळू लागले आणि ऊस उभा राहिला. १९२८ च्या सत्याग्रहाने देशभर गाजलेल्या बारडोलीत १९५५ साली शेतकऱ्यांनी सहकारी साखर मंडळी स्थापन केली. पाठोपाठ मढी, चलथाण, गणदेवी, सायण येथे कारखाने निघाले. या भागात ऊस तोडून नेण्याचे काम शेतकरी स्वतः करीत नाही. कोणत्या शेतातील ऊस कोणत्या दिवशी तोडावयाचा हे कारखाना ठरवितो आणि तोडणारी टोळीही कारखानाच पाठवितो. ऊस तोडल्यावर पडून राहिला की त्यातील साखर उतरू लागते. गिरणी तर रात्रंदिवस चालते. म्हणून कारखान्यास हवा असतो तो हाक मारताच उठणारा मजूर. गावातील हळपती मजुरास घर आहे, ओळखीपाळखी आहेत, नकार देण्याची थोडीबहुत सोय आहे. परगावाहून आलेला मजूर उसाच्या कडेला पडावात राहतो. त्यास जावयास दुसरी जागा नाही. दक्षिण गुजरातेतील श्रमिकांचा अनेक दशके अभ्यास करणाऱ्या यान ब्रेमन या डच पंडिताने १९७८ साली बारडोलीच्या ऊसतोडीवर लिहिताना हेच मर्म दाखवून दिले. खानदेशातील मजूर तेथे नेला गेला, त्याचे एक मोठे कारण तो परका होता हे आहे.

मजूर परका हवा, आणि तो हंगाम पुरा होईपर्यंत जागेवर राहावयास हवा. या दोन गरजांतून उचलीची पद्धत पक्की झाली. कारखाना मुकादमास रक्कम देतो. मुकादम ती पावसाळ्यात गावोगाव वाटतो. वाटणीचे परिमाण कोयता होय. कोयता म्हणजे केवळ तोडावयाचे हत्यार नव्हे, तर तोडणारा आणि मोळ्या बांधणारी असे जोडपे. सोबत बहुधा एखादे पोरही राबते. मुकादम हा पुष्कळदा त्याच गावचा, नात्यातला माणूस असतो. त्यास टनामागे दलाली मिळते. परंतु उचल घेऊन एखादे जोडपे आले नाही, तर त्याची झळही त्यालाच लागते. त्यामुळे नात्याचा भरवसा आणि नात्याचा दाब ही दोन्ही त्याच्या हाती असतात.

पावसाळ्याचाच मुहूर्त का? कारण आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागतो. पेरणीस पैसा गेलेला असतो, पीक घरात यावयास अवकाश असतो आणि आजारपणही याच दिवसांत येते. त्यात मुलाचे लग्न ठरलेले असले तर मुलीच्या बापास द्यावयाचे देज उभे करावयाचे असते. अशा वेळी एकरकमी पैसा देणारा मुकादमाखेरीज दुसरा कोण? पतपेढी तारण मागते. या माणसाजवळ तारण म्हणून एकच वस्तू उरलेली असते, ती म्हणजे येत्या हिवाळ्यातील त्याचे आणि त्याच्या बायकोचे श्रम.

आणि तरीही हे प्रस्थान विचाराविना होते असे समजणे अन्यायाचे होईल. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघावयाची, म्हणून घरोघर बेत सुरू होतात. शेतातील ज्वारी आणि मका कापून घेण्यास म्हातारे आईबाप पुरे पडतील काय? त्यांच्यासाठी कणगीत किती धान्य ठेवावयाचे? शेळ्या अर्धलीने कोणाकडे सोपवावयाच्या? शाळेत जाणारा मुलगा आजीजवळ ठेवावा की धाकट्या बहिणीस सांभाळण्यासाठी बरोबर न्यावा? शासनाने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढली. परंतु जेथे अशी सोय पोहोचली नाही, तेथे पोराचे अर्धे वर्ष उसात जाते आणि शाळेची वाट तुटते. सोबत न्यावयाचे ते मोजके असते. पीठ, मिरची-मीठ, भांडी, पांघरुणे, झोपडीसाठी ताडपत्री, कोयत्याची धार लावावयास कानस. ज्या घरात इतका बारकाईचा विचार होतो त्या घरास नियोजन ठाऊक नाही असे कोण म्हणेल? उणीव आहे ती नियोजनास लागणाऱ्या हातच्या पैशाची.

पडावावरील जिणे पहाटेच्या अंधारात सुरू होते. पुरुष बुंध्याशी ऊस तोडतो, पाचट साळतो. स्त्री मोळ्या बांधते आणि गाडीपर्यंत वाहते. दिवसाकाठी एका कोयत्याचा सुमारे एक टन ऊस निघतो, आणि मजुरी टनावर असते. ती दोघांची मिळून एक. वहीत नाव बहुधा पुरुषाचेच लागते, आणि स्त्रीचे श्रम त्याच आकड्यात गडप होतात. रोजची मजुरी हातात पडत नाही. पंधरवड्यास खावटी म्हणून धान्य व थोडी रोकड मिळते, तीही खात्यावर मांडली जाते. हिशेब होतो तो सहा-सात महिन्यांनी, हंगाम उतरल्यावर. त्या वेळी मिळकतीतून आधी खावटी वजा जाते, मग उचल वजा जाते. आणि ही उचल अनेक टोळ्यांत दिढीने कापली जाते. ज्याने पावसाळ्यात वीस हजार घेतले असतील त्याच्या नावावर उन्हाळ्यात तीस हजार निघतात. आजोबाने सावकाराकडून मणास दीड मणाच्या बोलीने दाणे आणले होते. नातू तीच दिढी उसाच्या टनांत फेडतो. वरकड काही उरले तर ते घेऊन माणूस घरी येतो. उरले नाही तर बाकी डोक्यावर घेऊन येतो, आणि ती बाकीच त्याला पुढच्या हंगामास बांधून ठेवते.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आदिवासीच्या हाती पैसा टिकत नाही, हे वाक्य बाजारपेठेत सहज ऐकू येते. परंतु पैसा टिकण्यासाठी तो आधी हाती यावा लागतो. बचत म्हणजे आजच्या मिळकतीतून उद्यासाठी काही मागे ठेवणे. उचलीच्या पद्धतीत आजची मिळकत कालच खाल्लेली असते. मागे ठेवावयास शिल्लक राहते ती फक्त बाकी. त्यातच या श्रमावर जे व्याज चढते ते श्रम करणाऱ्यास न मिळता, त्यास आगाऊ पैसे देणाऱ्यास मिळते. याचा अर्थ या घरातून बचत निघतच नाही असा नव्हे. ती निघते, परंतु दुसऱ्याच्या वहीत जमा होते.

कायद्याने या कोंडीकडे पाहिले नाही असे नाही. १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी संसदेने खास कायदा केला. त्यात कंत्राटदाराने कामगारांची नोंद करावी, जाण्यायेण्याचे भाडे आणि प्रवासातील दिवसांची मजुरी द्यावी, शिवाय परत न घेण्याच्या बोलीवर विस्थापन भत्ता द्यावा, असे नमूद केले होते. त्याहून महत्त्वाचे कलम असे होते की, नोकरीच्या मुदतीत घेतलेले कर्ज मुदत संपताना फिटलेले नसेल तर ते त्याबरोबरच नाहीसे झाले असे मानावे. म्हणजे बाकी पुढील हंगामात ओढण्याची सोयच कायद्याने काढून घेतली होती. पुढे २०२० साली हा कायदा इतर कायद्यांबरोबर एका व्यापक संहितेत समाविष्ट करण्याचे संसदेने ठरविले. परंतु मधल्या चाळीस वर्षांत सातपुड्याच्या किती पाड्यांत हे कलम कोणी वाचून दाखविले असेल? मजूर महाराष्ट्राचा, कारखाना गुजरातेतला, मुकादमाची वही दोहोंच्या मधली; जबाबदारी मात्र सीमेवरच घुटमळत राहिली.

याच जिल्ह्याने गुजरातेकडे जाणारे दुसरेही एक प्रस्थान पाहिले आहे, आणि ताडून पाहण्यास ते उपयोगी पडते. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवे आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित होणार होती. नर्मदा जलतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात ठरवून दिले की, ज्यांची जमीन पाव हिश्शाहून अधिक बुडेल त्या कुटुंबांस किमान दोन हेक्टर जमीन मिळावी, गुजरातेत जावे की आपल्या राज्यात राहावे हे त्यांनीच ठरवावे, आणि ही सर्व सिद्धता पाणी चढण्याच्या आधी व्हावी. मणिबेलीकडील काही कुटुंबे गुजरातेतील परवेट्यास गेली; पुष्कळांनी नकार देऊन लढा दिला; पुढे तळोद्याची वनजमीन मोकळी करून तेथेही वसाहती झाल्या. निवाड्यातील शब्द प्रत्यक्षात उतरविण्यासाठी लोकांस वर्षानुवर्षे झगडावे लागले, आणि पाणी पुष्कळदा तरतुदीच्या आधी पोहोचले. तरीही तत्त्व म्हणून एक गोष्ट कागदावर कायम झाली, ती ही की, माणसास परराज्यात हलवावयाचे तर आधी त्याची तरतूद, मग त्याचे प्रस्थान. धरणासाठी एकदाच हलणाऱ्यास जे तत्त्व लागू झाले, ते साखरेसाठी दरवर्षी हलणाऱ्यास का लागू होऊ नये?

हे अशक्य कोटीतील नाही. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत गावातच काम मिळाले आणि त्याची मजुरी वेळेवर हाती पडली, तर उचलीची निकड अर्धी ओसरते. राज्याने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कल्पना उचलून धरली आणि पुढे तिला कायद्याचे रूप दिले, ते याच विचाराने. धान्य उसने देणारी गावची कोठारे, स्त्रियांचे बचत गट, वनहक्काचे दावे यांनी जेथे मूळ धरले तेथे घरात पुन्हा कणगी दिसू लागते. ऊस तोडावयास जाणे मग वाईट राहत नाही. आपण होऊन, भाव ठरवून, रोजची मजुरी रोज मागून जाता येते. परमुलखात जाण्याचा कमीपणा मुळीच नाही. माणसे नंदुरबारच्या वाटेने शतकानुशतके गेली आणि आली आहेत. कमीपणा आहे तो विकलेल्या पावलांनी जाण्यात.

फाल्गुनात सातपुड्यात होळी पेटते. काठीच्या राजवाडी होळीस दूरदूरचे पाडे लोटतात. ढोल रात्रभर वाजतात. त्या वेळी उसाचा हंगाम सरलेला नसतो, म्हणून कित्येक कुटुंबे तो सण पडावावरच्या पाचटाच्या उजेडात आठवून घेतात. वैशाखात ती परततात, तेव्हा नवापूरच्या फलाटावरील सीमा त्यांच्या पायांखालून निघून जाते. रेषा ओलांडण्यास एक पाऊल पुरते. ते पाऊल उद्याच्या कर्जासाठी टाकावयाचे की उद्याच्या शिलकेसाठी, यावरच पुढल्या पिढीचे घर उभे राहावयाचे आहे.